हिशेबाची वही कोणाच्या हातात? ‘बिटकॉइन कोअर’ आणि आमची पोरं

बाबासाहेबांनी १९२३ सालीच बिटकॉइनची कल्पना मांडली होती, असे एका माणसाने आमच्या वस्तीत येऊन सांगितले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट आधी कबूल केली पाहिजे. गळ्यात निळा पंचा, तोंडात जयभीम, सोबत प्रोजेक्टर. विहाराच्या हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोखाली उभा राहून त्याने ‘बहुजनांचे आर्थिक स्वातंत्र्य’ समजावून सांगितले आणि शेवटी एक योजना पुढे ठेवली. दर महिन्याला ठरावीक परतावा, आणखी दोन माणसे जोडली की वरचे कमिशन. अकरा घरांनी पैसे भरले. कोणी कानातले मोडले, कोणी निवृत्तीच्या पैशातून दिले. पाचव्या महिन्यात त्याचा फोन लागेनासा झाला. योजनेचे नाव इथे देत नाही. तक्रार दाखल आहे आणि ती आपल्या वाटेने जाईल.

आमची चूक एवढीच असती तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. दुसरी चूक आम्ही नंतर केली. पैसे बुडाल्यावर आम्ही कार्यकर्त्यांनी बैठक घेतली आणि जाहीर केले की हे सगळे भांडवलदारी थोतांड आहे, आपल्या पोरांनी या वाटेला जाऊच नये. त्यावर अभ्यासिकेत येणारी, डिप्लोमाला शिकणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, “दादा, तुम्ही त्या माणसाचं न तपासता खरं मानलंत, आता न तपासता खोटं म्हणताय. बाबासाहेबांनी रुपयावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय का? आणि ते सॉफ्टवेअर तरी एकदा उघडून पाहिलंय का?”

आम्ही दोन्ही केले नव्हते. कालामसुत्तावर तासभर प्रवचन देणारी आम्ही माणसे! गुरूने सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे आमचे तोंडपाठ. तेव्हा दोन्ही कामे करायची असे ठरले.

आधी बाबासाहेब. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.चा प्रबंध, १९२३ साली पुस्तकरूपाने आला. प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची. पुस्तकाचा रोख तेव्हा चालू असलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीविरुद्ध आहे. तीत चलन किती काढायचे याला बांध नव्हता, तो निर्णय सरकारच्या मर्जीवर होता. जॉन मेनार्ड केन्ससारखा नामांकित अर्थशास्त्रज्ञ त्या पद्धतीची बाजू घेत होता, तरी बाबासाहेबांनी ती खोडून काढली. त्यांचा उपाय असा होता की रुपयाच्या निर्मितीला ठाम मर्यादा घालावी आणि चलन चालवणाऱ्यांच्या हातात मोकळीक ठेवू नये. पुढे १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देतानाही त्यांनी आपली भूमिका मांडली.

तर ‘चलनावर मर्यादा हवी’ एवढे वाक्य उचलले की बिटकॉइनचा प्रचारक खूश होतो. बिटकॉइनची कमाल संख्या २ कोटी १० लाख, त्याच्या पुढे नाही. जुळले! पण बाबासाहेबांना मर्यादा कशासाठी हवी होती? रुपयाची बाजारातली खरेदीशक्ती स्थिर राहावी म्हणून. रुपया घसरला की निर्यातदार व्यापाऱ्याला फायदा होतो, पण तो फायदा येतो कुठून? भाव चढतात आणि मजुरी त्या वेगाने चढत नाही, म्हणजे तो मजुराच्या ताटातून येतो. हा त्या पुस्तकातला गाभा आहे. त्यांचे मोजमाप मजुराच्या हातात पडणाऱ्या नाण्याने किती धान्य येते, हे होते. आता या मोजपट्टीवर बिटकॉइन ठेवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९,००० डॉलरच्या आसपास होता. वर्षभरात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६,०००च्या खाली गेला. ज्याची मजुरी किंवा बचत त्यात असेल त्याच्या तीन-चतुर्थांश घासांचा हिशेब कोण देणार? पुढे भाव पुन्हा चढला, हे उत्तर थांबू शकणाऱ्याचे आहे. ज्याला येत्या सोमवारी रेशन भरायचे आहे तो थांबू शकत नाही.

म्हणून ‘बिटकॉइन हे बाबासाहेबांचे स्वप्न’ हे वाक्य आम्हाला मान्य नाही. पुन्हा कोणी आमच्या स्टेजवर ते बोलला तर माइक काढून घेऊ.

पण मुलीचा दुसरा प्रश्न उरतोच, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड निघाला.

बिटकॉइन हे नाणे वेगळे आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर वेगळे, हे आधी आम्हालाही ठाऊक नव्हते. सर्वांत जास्त वापरले जाणारे असे सॉफ्टवेअर म्हणजे ‘बिटकॉइन कोअर’. सातोशी नाकामोतो हे नाव घेणाऱ्या अज्ञात व्यक्तीने जानेवारी २००९ मध्ये जे पहिले सॉफ्टवेअर सोडले त्याचाच हा पुढचा वंश. कोअर हे नाव मार्च २०१४ मध्ये मिळाले. ते एमआयटी परवान्याखाली खुले आहे, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावे, वाचावे, बदलावे, वाटावे. पैसे नाहीत, परवानगी नाही. ते चालवले की आपला संगणक ‘नोड’ होतो.

नोड म्हणजे काय, हे आम्ही वस्तीत असे सांगतो. गावात सावकाराची वही एकच असते आणि ती सावकाराकडेच असते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता. कर्जरोखे आणि वह्या हुडकून जाळल्या गेल्या. का? कारण वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, आणि अंगठा मात्र आपला होता. आता अशी कल्पना करा की वहीची पूर्ण प्रत प्रत्येक घरात आहे, साधारण दर दहा मिनिटांनी नवे पान येते आणि प्रत्येक घर ते पान स्वतः तपासते. सही खरी आहे का? तेच नाणे दोनदा खर्च झाले आहे का? पान लिहिणाऱ्या मायनरने ठरल्यापेक्षा जास्त बक्षीस घेतले का? नियमात बसत नसेल तर नोड ते पान नाकारतो. पान कोणी लिहिले, तो किती मोठा आहे, हे तो विचारत नाही.

आमच्यासारख्यांना यात काही ओळखीचे वाटणे साहजिक आहे. ज्यांच्या पिढ्या तलाठ्याच्या दप्तरापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, ज्यांच्या वतनाच्या जमिनी कागदावर कधी फिरल्या ते त्यांनाच कळले नाही, त्यांना ‘वही तुमच्याकडेही आहे’ या वाक्यात काय ताकद आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता हे प्रत्यक्षात किती खरे आहे ते पाहू. संपूर्ण वही ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. ती एकदा पूर्ण उतरवून तपासावी लागते. नंतर जुनी पाने टाकून देण्याची सोय आहे, मग ५५० एमबी जागेतही ताजी पाने ठेवून भागते. पण उतरवायची तर सगळी. मोबाइलच्या रोजच्या २ जीबी पॅकवर हे काम दहा महिन्यांचे आहे! आम्ही वर्गणी काढून डिस्क घेतली, विहाराशेजारच्या घरातून ब्रॉडबँडची वायर ओढली, आणि वीज जात-येत तीन आठवड्यांनी एका जुन्या डेस्कटॉपवर वही पूर्ण झाली. परवानगी लागत नाही हे खरे. डिस्क, वीज आणि वायर लागते, हेही खरे. खुले दार आणि दारापर्यंतचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चवदार तळ्याचे पाणी कायद्याने १९२४ सालीच खुले झाले होते. महाडला १९२७ साली जावे लागलेच ना?

आणखी एक बारीक गोष्ट. ‘विश्वास ठेवू नका, तपासा’ ही या मंडळींची घोषणा. पण सॉफ्टवेअर मूळ मांडणीत जुन्या पानांवरच्या सह्या तपासत नाही. एका ठरावीक पानापर्यंतच्या सह्या बरोबर आहेत असे ते गृहीत धरते, आणि ते पान कोणते हे सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेले असते. एक ओळ बदलली की सगळे तपासले जाते, वेळ जास्त लागतो. हे लपवलेले नाही, उघड आहे. पण किती जण ती ओळ बदलतात? आमच्या पोरांनी बदलली. तीन आठवडे लागले त्यातले काही दिवस त्याचेच.

सॉफ्टवेअरमध्ये काय जायचे ते कोण ठरवते? इथे आमचे कान टवकारले, कारण उत्तर आले, ‘जो चांगले काम करतो तो. जात, देश, नाव कोणी विचारत नाही. निव्वळ मेरिट.’ हा शब्द आम्ही फार ऐकला आहे. कोणीही बदल सुचवू शकतो, कोणीही दुसऱ्याचा बदल तपासून मत देऊ शकतो, हे बरोबर. पण अंतिमतः बदल आत घेण्याचे अधिकार मोजक्या देखभाल करणाऱ्यांकडे असतात. सातोशीनंतर ती धुरा गॅव्हिन अँड्रेसन यांच्याकडे, २०१४ पासून व्लादिमिर व्हॅन डर लान यांच्याकडे होती. २०२१ मध्ये लान यांनी हे काम एका माणसावर अवलंबून राहू नये म्हणून मागे सरकत असल्याचे सांगितले. मे २०१६ मध्ये अँड्रेसन यांनी एका तोतया सातोशीला खरा मानले, तेव्हा त्यांचेच अधिकार काढून घेतले गेले. म्हणजे गादी कायमची नाही, हे चांगले. पण सतत वर्षानुवर्षे, बहुधा इंग्रजीत, असे काम करायला पोटाची सोय लागते. ती सोय अनुदानांतून होते. एमआयटीच्या डिजिटल करन्सी इनिशिएटिव्हसारख्या संस्था आणि काही कंपन्या ती करतात. ज्याच्या घरात दोन वेळची भ्रांत नाही तोच मेरिट साठवू शकतो, हे गणित अमेरिकेत गेले म्हणून बदलत नाही.

आणि ‘हजार डोळे पाहताहेत, चूक लपत नाही’ हा दावाही तपासून घ्यावा. ऑगस्ट २०१० मध्ये एका चुकीमुळे एका पानावर १८४ अब्ज बिटकॉइन निर्माण झाले होते. काही तासांत दुरुस्ती झाली. ते बालपण होते, सोडून देऊ. पण सप्टेंबर २०१८ मध्ये जी चूक उघड झाली तिच्यामुळे मायनरला तेच नाणे पुन्हा खर्चून नवे नाणे पैदा करता आले असते, आणि ती चूक वर्षभराहून अधिक काळ सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होती. सापडली कोणाला? प्रतिस्पर्धी नाण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला. आतल्या मंडळींना जे दिसत नाही ते बाहेरच्याला दिसते, याचे याहून चांगले उदाहरण कुठे शोधायचे? आमची पोरं तिथे हवीत ती एवढ्याचसाठी. कोणाची मेहेरबानी म्हणून नव्हे.

नोडच्या ताकदीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१५ ते २०१७ पानाचा आकार वाढवण्यावरून मोठे भांडण झाले. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पन्नासहून अधिक कंपन्यांनी करार केला. मायनिंगच्या ८० टक्क्यांहून अधिक ताकदीचा पाठिंबा असल्याचे सांगितले गेले. पैसा तिकडे, यंत्रे तिकडे. तरी नोड चालवणाऱ्या अनेकांनी, काहींनी कोअरमध्ये स्वतः बदल करून, सांगितले की आमच्या नियमात न बसणारी पाने आम्ही घेणार नाही. ऑगस्टमध्ये एक वेगळी सुधारणा लागू झाली, मोठ्या पानांचा एक गट ‘बिटकॉइन कॅश’ म्हणून वेगळा झाला, आणि नोव्हेंबरमध्ये कंपन्यांनी आपला बेत रद्द केला. यात नोडवाल्यांचा वाटा किती आणि बाजाराचा किती, यावर अजून वाद आहे. पण नकार देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच असणे ही मोठी गोष्ट आहे. ज्या बँकेच्या ॲपवर आपला पगार येतो तिथे अशी सोय आहे का?

वॉलेटबद्दल मात्र आमचे मत कडक आहे. कोअरमध्ये वॉलेटही असते. त्यात पैसे नसतात, चाव्या असतात; नाणी वहीत असतात. चावीची फाइल गेली आणि दुसरी प्रत नाही, किंवा पासफ्रेज विसरलात, तर कोणताही साहेब ते उघडून देऊ शकत नाही. प्रचारक याला स्वातंत्र्य म्हणतात. आमच्या घरांत चावी कोणाच्या हाती असते? नवऱ्याच्या. तो रात्री अपघातात गेला तर बँकेचे पासबुक दाखवून, वारस दाखला काढून, हेलपाटे घालून का होईना, बाईला तिचे मिळते. वॉलेटला वारस कळत नाही. ज्या माणसाने हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले त्याच्या अनुयायांनी हा प्रश्न आधी विचारायला हवा. उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे: तीनपैकी दोन चाव्या लागतील असे वॉलेट बनवता येते, आपल्या बचत गटाच्या खात्याला दोघींच्या सह्या लागतात तसे. पण ते शिकावे लागते, आणि त्या माणसाने आमच्या बायांना ते शिकवले नव्हते. त्याने त्यांना एक रंगीत ॲप दिले होते.

उलट बाजूही आहे. चावी दुसऱ्याकडे ठेवली की काय होते ते सगळ्यांनी पाहिले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि सामान्य खातेदारांचे पैसे अडकले. पुण्यात गेनबिटकॉइन प्रकरणात, दरमहा १० टक्के देण्याच्या आमिषाने लोक फसले; त्या तपासात पोलिसांना मदत करायला घेतलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये, आरोपींच्या वॉलेटमधली नाणी वळवल्याच्या आरोपावरून, अटक झाली. चोराची चावी ज्याच्या हातात दिली त्याच्यावरही डोळा ठेवावा लागतो!

सरकारचे धोरण तर घोळच आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारापासून दूर राहायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले, आणि २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, वर प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. तोटा झाला तर तो दुसरीकडे वळता करता येत नाही. कर घ्यायचा, संरक्षण द्यायचे नाही.

मग आम्ही काय करतो? अभ्यासिकेत दर रविवारी वर्ग चालतो. नियम एकच, एक रुपयाही लावायचा नाही. कोअरमध्ये ‘सिग्नेट’ नावाचे सरावाचे जाळे आहे, तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांना काही किंमत नसते. ‘रेगटेस्ट’वर तर आपल्याच संगणकावर आपली वही उघडता येते. पोरं त्यावर व्यवहार करतात, मुद्दाम खोटी पाने बनवतात आणि नोड ती कशी फेकून देतो ते पाहतात. सॉफ्टवेअर उतरवल्यावर आधी त्याच्या सह्या तपासायला शिकवले. अनेक जण आपापल्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर वेगवेगळे बांधतात, सगळ्यांचा निकाल अक्षरशः एकच येतो का पाहतात आणि सह्या करतात. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात तसे. फक्त हे पंच पोलिसांच्या ओळखीचे नसतात.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे आम्ही दोन रात्री झोपलो नाही. त्या माणसाने अकरा घरांना छापील कागद दिले होते, ‘तुमचे बिटकॉइन या पत्त्यावर जमा’, खाली अक्षरांची लांब ओळ. वर्ग सुरू होऊन महिना झाला असेल, त्या मुलीने ते कागद मागवून घेतले आणि नोडला एक आज्ञा दिली, ‘हा पत्ता वैध आहे का?’ उत्तर आले, नाही. दुसरा, तिसरा, अकरावा. एकही पत्ता पत्ता नव्हता. पैसे कुठे गेले हा पुढचा प्रश्न झाला. ज्या पेटीत ठेवले म्हणत होता ती पेटीच नव्हती. या तपासणीला वही उतरवावी लागत नाही, डिस्क लागत नाही, एक सेकंद लागतो. त्या संध्याकाळी हॉलमध्ये ज्या शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या त्यातल्या एकालाही ही आज्ञा माहीत असती तर कानातले मोडले गेले नसते.

हे पोलीस ठाण्यात नेले तेव्हा साहेब म्हणाले, असे तोंडी नको, मराठीत लेखी द्या, मी पुढे काय समजावून सांगणार? त्यांचे म्हणणे रास्त होते. सध्या पोरं तो अर्ज लिहीत आहेत. ‘वॉलेट’ला पाकीट म्हणायचे नाही असे ठरले, कारण पाकिटात पैसे असतात, त्यांनी ‘चाव्यांचा जुडगा’ लिहिले आहे. ‘चेकसम’वर मात्र गाडी अडली होती. शेवटी एकाने लिहिले: आधार क्रमांकाचा शेवटचा अंक जसा आधीच्या अंकांवरून ठरतो, तशी या पत्त्याची शेवटची अक्षरे आधीच्या अक्षरांवरून ठरतात, जोडलेल्या अकरा कागदांत ती जुळत नाहीत. अर्जावर अकराही घरांतल्या बायांच्या सह्या घ्यायच्या आहेत. दोघी गावी गेल्या आहेत, त्या आल्या की देऊ.